चांदीच्या तोंडाचं क्लॅरनेट

‘माइक लावा’ तेवढं म्हणू नका, पावणं. दुसरं काय बी म्हणा. टोपी तिरकी घाला म्हणा, नाचणाऱ्या पोरांत घुसून वाजवा म्हणा, नवरदेवाच्या मामाला आवडतंय ते गाणं धा वेळा वाजवा म्हणा, सगळं ऐकतो. पण माझ्या क्लॅरनेटला माइक लागणार न्हाय. आवाज कमी पडतोय वाटत असंल तर डॉल्बी सांगा जावा, मी आडवा येणार न्हाय. आता लगीच उठू नका. चहा सांगितलाय. त्यो येईस्तोवर सांगतो, म्हंजे पुन्हा इचारणार न्हायसा.

आमच्या बँडात तवा दोन क्लॅरनेटं हुती. पहिलं केरबाअण्णाचं, दुसरं माझं. आमी दोघं बी उचगावचं. त्यो बौद्ध वस्तीतला, मी मळ्यातल्या वस्तीवरचा, घरात म्हशी. माझ्या बाला वाटायचं पोरगं डेअरीला दूध घालंल, आणि पोरगं गेलं बँडात. बा लई दिवस बोलला न्हाय माझ्याशी. क्लॅरनेट माझ्या हातात दिलं ते केरबानं. बोटं कुठं ठेवायची, ओठ कसा आत वळवायचा, दम कुठं चोरायचा, सगळं त्यानं शिकवलं, आणि शिकवताना शिव्या बी भरपूर दिल्या.

माणूस सोन्यासारखा, पण हात गप बसायचं न्हाईत. सकाळी बँडाची खोली उघडली की आमी दोघं बाकड्यावर बसायचो, फुटक्या काचंनं पत्त्या घासत. पत्ती म्हंजे क्लॅरनेटच्या तोंडाला बांधायची बोरूची चपटी काडी. ओठात धरून फुंकली की ती थरथरती आणि सूर निघतो. ती घासता घासता केरबाचं डोकं चालू व्हायचं.

"किस्ना, ही पत्ती बोरूचीच कशाला पायजे? उसाची का न्हाय? आपल्याकडं उसाला काय तोटा हाय व्हय?"

"अण्णा, ऊस खायाचा असतोय."

"तू गप. तुला काय कळतंय."

आणि त्यानं केली की! शिरोळच्या पावण्याकडनं ऊस आणला, साल वाळवली, घासली, बांधली. सूर बी बरा निघाला. मग एका लग्नात, मंगलाष्टका संपत आलेल्या, आमी क्लॅरनेट तोंडाला लावतोय तर केरबाच्या मिशीत मुंग्या! वर अक्षता पडायल्यात, बँड सुरू झालाय, आणि आमचा पहिला क्लॅरनेटवाला स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतोय. पोट धरून हसलो राव त्या दिवशी. केरबाचा ओठ सुजून हे एवढा झाला, त्यो बी हसत हुता.

तसलं लई केलं त्यानं. रानातल्या प्लॅस्टिकच्या पाइपचं क्लॅरनेट केलं, ते मे महिन्यात गाडीच्या टपावर ठेवलं आणि काकडीसारखं वाकलं. मग जुन्या क्लॅरनेटला खालनं पितळंचा मोठा कर्णा जोडला, आवाज फेकाय. एका वरातीत कुण्या टवाळानं त्या कर्ण्यात पेटता फटाका टाकला. दणक्यानं क्लॅरनेट उलटं बसलं आणि केरबाचा पुढचा वरचा दात निम्मा तुटला. क्लॅरनेटवाल्याचा पुढचा दात म्हंजे सगळा आधार, त्यो टेकवूनच वाजवाय लागतंय. पण केरबा थुकला, रगात पुसलं आणि म्हणला, "दात गेला, क्लॅरनेट वाचलं!" बाकीचं हसलं. मला मात्र कसंतरीच झालं. आधी ओठ, आता दात. ह्येच्या दर खेळात ह्येच्या अंगाचंच काय ना काय जातंय, ह्ये तवा माझ्या डोस्क्यात आलं.

मग डॉल्बी आला. दोन हजार दोन-तीन सालची गोष्ट. आमी चौकात वाजवत असायचो आणि मागनं दुसऱ्या वरातीचा ट्रॅक्टर यायचा, त्यावर स्पीकरची ही भिताडं. छाती धडधडायची. आमची बोटं हलत्यात, गाल फुगत्यात, पण आमचंच आमाला ऐकू येत न्हाय. लोकं आमच्याकडं बघून हसायची. केरबा त्या रात्री जेवला न्हाय म्हणं.

दुसऱ्या दिवशी बाकड्यावर पत्ती घासता घासता म्हणला, "किस्ना, क्लॅरनेटच्या तोंडातच माइक घालायचा."

"तोंडासमोर धरत्यात की, अण्णा. गाडीवरचा गाणारा धरतोयच."

"समोर न्हाय. आत. फुंकलेला सूर बाहेर पडायच्या आधीच धरायचा. आणि तोंड चांदीचं करायचं. हे काळं रबरी तोंड आवाज खातंय, आणि माझा तुटका दात बी त्यावर नीट बसत न्हाय."

मला वाटलं, झालं, लागला नाद. पण हुपरीला त्याचा साडू पैंजणाच्या कारखान्यात हुता. त्याच्याकडनं ओतून घेतलं खरोखर. तुटक्या दातापुरती वर खाच ठेवलेली. त्याच्या खालच्या आखूड नळीत जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधला माइक बसवला, त्याची वायर पाठीवरनं मागं, बँडाच्या गाडीवरच्या मशीनला. मशीन जनरेटरवर, त्याच जनरेटरवर डोक्यावरच्या बत्त्या. केरबा फुंकला आणि आमच्या अंगावर काटा आला. खोटं न्हाय सांगत. सगळी गल्ली भरून गेली. पुढच्या वरातीत डॉल्बीवाल्यानं आपलं मशीन बारीक करून मान वळवून बघितलं. केरबाच्या डोळ्यात पाणी आलतं, मी बघितलं.

वरात संपल्यावर त्यो ओठ चाटत म्हणला, "जरा गुदगुल्या हुत्यात रं ओठाला. मुंग्या आल्यागत."

"पुन्हा मुंग्या?"

"तसल्या न्हाय. आतनं येत्यात. ग्वाड वाटतंय."

मी हात लावून बघितला. बोटाला काय लागलं न्हाय. विषय तिथंच संपला.

नंतर शिरोळकडची एक वरात. वळीव पडून गेलेला, रस्त्यात डबकी. केरबाची वायर लांब, मधे दोन ठिकाणी जोडलेली, चिकटपट्टी गुंडाळलेली. ती मागनं डबक्यातनं घसटत चाललेली. नवरदेवाचं घोडं बाजूनं आलं, डबक्यात पाय टाकला आणि असं उधळलं म्हणता! नवरदेव बाशिंगासकट उसात. लोकं हसून हसून बेजार. नवरदेवाला बाहेर काढला, गालाला उसाचं पातं कापलेलं. घोडेवाला जनावराला शिव्या घालत हुता. घोडं काय केल्या त्या डबक्याकडं पुन्हा येईना, थरथर कापत हुतं, कान मागं. मी त्या घोड्याकडं बघत ऱ्हायलो. त्याच्या पायात लोखंडी नाल. आमच्या पायात कॅनव्हासचं बूट, रबराच्या तळाचं. बाकड्यावर ही गोष्ट केरबानं पुढं कितीदा सांगितली, दरवेळी नवरदेव अजून लांब जाऊन पडायचा. मला हसू यायचं न्हाय.

आता एक रीत तुमाला ठाऊकच असंल. लग्नाआधी नवरदेव मारुतीला जातोय, बँड मारुतीसमोर वाजवतोय. पारावर चढायचं तर पायातलं काढूनच. आमी सगळं काढायचो. केरबा काढायचा न्हाय. त्यो खाली रस्त्यावर उभा ऱ्हाऊन वाजवायचा. एकदा वराकडचा एक म्हातारा गुरकावला, "बूट काढ की रं, देवासमोर हाईस!" केरबा म्हणला, "मी रस्त्यावर हाय, पावणं. वाजवाय आलोय, पाया पडाय न्हाय. सुरात कमी पडलो तर बोला." हाणामारीच व्हायची बाकी हुती. मला त्याचा राग यायचा पहिल्यांदा. एक मिनिट बूट काढलं तर काय बिघडतंय, म्हणून मी त्याला बोललो बी हुतो. त्यावर त्यो नुसता बघितला माझ्याकडं. त्या बघण्यानंतर मी त्यो विषय पुन्हा काढला न्हाय.

एका लग्नात मारुतीसमोर केरबाला ठसका लागला. त्यानं क्लॅरनेट तसंच माझ्या हातात दिलं, "वाजव, सूर तोडू नगं." मी पारावर, अनवाणी. नारळ फोडून दगड सगळा वला. मी चांदीचं तोंड ओठात घेतलं.

कुणीतरी जबड्यात खिळा ठोकल्यागत झालं. दात दातावर बसलं, ओठ मधे. क्लॅरनेट हातातनं उडालं म्हणून वाचलो. शर्टावर रगात. लोकांना वाटलं, ठेच लागली.

दुसऱ्या दिवशी मी केरबाला ओढत सूरजच्या दुकानात नेलं. सूरज रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. त्यानं मशीन उघडलं, वायरी बघितल्या आणि आमच्याकडं अशी नजर टाकली, जसं आमी मसणातनं उठून आलोय. म्हणला, "मशीनची बॉडी करंट धरतीया, आणि ही तार त्यो थेट चांदीत सोडतीया. जनरेटर हाय म्हणून नुसता चिमटा बसला. घरच्या लायनीवर असता, पायात काय नसतं आणि जमीन वली असती, तर चिकटून बसला असता." मशीनच बदला म्हणला. केरबा म्हणला, बघू, ह्या हंगामानंतर.

मी भडकलो. रस्त्यातच. "मरायचंय व्हय तुला? सांग तसं! तानूवैनीला सांगून ये आधी!"

"वरडू नगंस," केरबा म्हणला. "इतकी वर्षं वाजवलं, कुणी ऐकलं? 'बँडवाला' म्हणूनच हाक मारत्यात. आता नाव इचारत्यात, केरबा कोण म्हणून. ते मी सोडू व्हय?" मग जरा थांबला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ. बूट काढणार न्हाय. झालं? पायात रबर हाय तोवर मला काय हुत न्हाय. आणि मी कुठं काढतोय? तुमच्या मारुतीला तर मी काढतच न्हाय."

ते खरं हुतं. आणि पावणं, त्या दिवसापास्नं ज्या गोष्टीचा मला राग यायचा, तिचाच मी आधार धरला. देऊळ आलं की मी आधी त्याच्या पायाकडं बघायचो. पांढरं कॅनव्हास दिसलं की जीव भांड्यात पडायचा. कुणी त्याला बूट काढ म्हणलं की केरबाच्या आधी मीच अंगावर जायचो. लोकांना वाटायचं, किस्ना बदलला.

घरी बी त्यो बूट घालूनच सराव करायचा. तानूवैनी म्हंजे त्याची बायको. तिला दारातली पायताणं वाकडी दिसली तरी चैन पडायची न्हाय, माझ्या चपला बी ती पायानं सरळ करायची. आणि नवरा घरात बूट घालून बसलेला! पण सूरज काय म्हणला ते मी तिला सांगितलं, तवापास्नं तीच त्याला म्हणायची, "बूट घाला मग हात लावा त्याला." एकदा मला दारापर्यंत सोडाय आली आणि हळूच म्हणली, "भावजी, बाहीर तुमी बघताय न्हवं त्यांच्या पायाकडं?" मी म्हणलं, वैनी, देवळात पाय ठेवू देत न्हाय त्याला. ती हसली. मी बी हसलो.

मग बुद्धपौर्णिमा आली. वस्तीतल्या विहारात त्या साली नवीन मूर्ती बसवायची हुती. केरबा म्हैनाभर तेच बोलायचा. पत्ती घासता घासता चाल बसवायचा, वंदनेची, हळू आवाजात. मला वाजवून दाखवली न्हाय. म्हणला, "त्या दिवशीच ऐक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वराती वाजवल्या, हे माझं हाय." खिरीला दूध तू आण, म्हणला. मी म्हणलं, कळशीभर आणतो, तू मिशी पुसून ठेव.

दिवस मावळायला मी निघालो. सायकलीला दुधाची किटली. दुपारी वळीव झोडपून गेलेला, वाटेत चिखल. वस्तीच्या तोंडालाच मला आवाज आला.

काय वाजवत हुता, राव. मी सायकलीवरनं उतरलो. मी त्याच्या बरोबर शेकड्यानं वराती वाजवल्या, पण तसला सूर मी त्याचा कधी ऐकला नव्हता. नाचाय लावणारा न्हाय, उभं ऱ्हाऊ देणारा. वस्तीतली कुत्री बी गप हुती. मला त्याचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. मी सायकल हातात धरून तसाच चालत गेलो, ऐकत.

आणि चालता चालता माझ्या ध्यानात आलं की काहीतरी ऐकू येत न्हाय. जनरेटरचा आवाज. आमच्या क्लॅरनेटमागं कायम ती फटफट असायची. आज नव्हती. बँड कुठं हुता आज? घरचं कार्य, त्यो एकटा वाजवत हुता. मशीन भिंतीतल्या लायनीवर हुतं.

मी स्वतःला म्हणलं, बूट हाईत की. घरी बी लायनीवरच वाजवतोय, बूट घालून. पायात रबर हाय तोवर काय हुत न्हाय. तसा मी विहाराच्या दारात आलो.

पायरी धुतलेली. आतली फरशी बी बायांनी धुऊन काढलेली, चकचकीत, अजून वली. दाराबाहेर पायताणांची रांग. चपला, बारक्या पोरींच्या सँडली, म्हाताऱ्यांची कोल्हापुरी. आणि रांगेच्या मधोमध पांढरं कॅनव्हासचं बूट, नाडी आत खोचून ठेवलेली.

मारुतीसमोर ज्यानं कुणाच्या बानं सांगितलं तरी काढलं नसतं, त्यानं इथं कुणी न सांगता काढलं. काढणारच की! माझ्या डोक्यात कसं आलं न्हाय? आपण आपल्या दारात जाताना इचार करतो व्हय? हात आपोआप खाली जातोय. आणि त्याला थांबवाय मी नव्हतो, मी तर दूध आणाय गेलतो.

मी वरडलो. "अण्णा! सोड! टाक ते!" माझा आवाज बारीक न्हाय, पावणं, गल्लीच्या ह्या टोकाला बोललो तर त्या टोकाला ऐकू जातंय. पण केरबाच्या क्लॅरनेटपुढं माझा आवाज मलाच ऐकू आला न्हाय. तेवढा मोठा करून ठेवला हुता त्यानं. त्याच्यासाठीच तर सगळा खटाटोप हुता. समोर डोळं मिटून बसलेली माणसं, त्यांच्या पलीकडं मूर्ती, आणि मूर्तीसमोर पांढऱ्या कपड्यात केरबा, अनवाणी. त्याच्या पायाजवळ फुलांच्या ताटातलं पाणी वघळत आलेलं.

मी किटली टाकली आणि माणसं तुडवत भिंतीकडं पळालो. बोर्डाला हात पोचायच्या आधी सूर थांबला. भोंग्यातनं नुसती घरघर येत ऱ्हायली. लोकांनी डोळं उघडलं, त्यांना वाटलं वंदना संपली. दोघाचौघांनी हात बी जोडले. मी वायर उपटली तवा घरघर बंद झाली, आणि मग केरबा पडला.

दवाखान्यात नेला. उपयोग नव्हता, ते मला विहारातच कळलं हुतं. चांदीचं तोंड दातातनं सोडवाय लागलं. ते काम मी केलं, दुसऱ्या कुणाला करू दिलं न्हाय. खाच बरोबर त्याच्या तुटक्या दाताच्या मापाची हुती.

मला त्याचा राग येतोय अजून. खरं सांगतो. दुःख हुतं तसा राग बी येतोय. लेका, एवढा सूर लावलास, मग एक दिवस उघड्या आवाजात वाजवलं असतंस तर त्या मूर्तीला ऐकू गेलं नसतं व्हय?

परत आलो तवा विहाराच्या दारात दूध सांडलेलं तसंच हुतं. पायताणं लोकं घेऊन गेलती, पांढरं बूट तेवढं ऱ्हायलेलं. तानूवैनी पायरीवर बसली हुती. रडत नव्हती. तिच्याजवळ बाया हुत्या, पण तिनं मला बघून सगळ्यांना गप केलं. मला वाटलं, ती इचारणार, भावजी, तुमी बघणार हुता न्हवं. मी मान खाली घातली.

तिनं बुटाला हात लावला. दोन्ही अगदी शेजारी शेजारी हुतं, टाचंला टाच लावून.

"संध्याकाळी दारात गर्दी झाली," ती म्हणली. "पायताणं कशी बी पडलेली, म्हणून मी सगळी वळीनं लावली. हे बी वाकडं पडलं हुतं, भावजी. मीच सरळ करून ठेवलं."

घ्या पावणं, चहा आला.